पटावर नसलेली मुलं

पुण्याच्या कडेची वाघोली, चाकण, माण, हिंजवडी ही गावं गेल्या पंधरा-वीस वर्षांत बघता बघता शहर झाली. अशा भागातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत जून-जुलै आला की वाद ठरलेला असतो. वर्गात बसायला जागा नाही म्हणून पालक मुख्याध्यापकांवर चिडतात. मुख्याध्यापक केंद्रप्रमुखांकडे बोट दाखवतात, केंद्रप्रमुख गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, आणि ग्रामसभेत कुणीतरी उठून सांगतं की बाहेरच्यांची मुलं घेणं आधी बंद करा. शाळा व्यवस्थापन समितीत पालक सदस्य म्हणून काम करताना ही भांडणं मी जवळून पाहत आले आहे. त्यातला राग मला पटतो, पण तो चुकीच्या माणसांवर निघतो. शाळेतली गर्दी अचानक होत नाही. इमारतीच्या पायाचा खड्डा खणला जातो तेव्हाच ती कळू शकते. तरीही दर जूनमध्ये सगळे चकित होतात, कारण आपल्या जिल्ह्यात पुढच्या मुलांचा अंदाज बांधणं हे प्रत्यक्षात कुणाचंच काम नाही. मोजला जातो तो पट, आणि तोही मागच्या वर्षाचा.

हे कसं घडतं ते नीट सांगायला हवं, कारण बहुतेक पालकांना ते ठाऊक नसतं आणि त्यांना ते कुणी समजावूनही सांगत नाही. शाळा जूनच्या मध्याला उघडते. कंपन्यांत, बांधकामांवर काम करणाऱ्या कुटुंबांची मुलं जुलै-ऑगस्टपर्यंत येत राहतात. ३० सप्टेंबरचा पट पक्का धरला जातो आणि त्यावरून संचमान्यता निघते, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरतं. संचमान्यता हातात पडेपर्यंत वर्ष सरत येतं. मग अतिरिक्त शिक्षकांचं समायोजन, बदल्या, पवित्र पोर्टलवरची भरती असं सगळं होऊन शिक्षक प्रत्यक्ष वर्गात उभा राहतो तेव्हा ज्या मुलासाठी तो मंजूर झाला ते मूल पुढच्या इयत्तेत गेलेलं असतं, आणि त्याच्या मागून आणखी मुलं आलेली असतात. पट घसरणाऱ्या शाळेला ही दिरंगाई फायद्याची ठरते, कारण तिचा शिक्षक वर्षभर टिकतो. वाढत्या शाळेला मात्र तिची शिक्षा होते, आणि शाळा वाढतच राहिली तर शिक्षा दरवर्षी होते.

त्यात आधारची अट आहे. संचमान्यतेसाठी आधार वैध ठरलेलीच मुलं धरायची, असा गेल्या काही वर्षांतला आग्रह आहे. बोगस पट दाखवून शिक्षक आणि अनुदान लाटण्याचे प्रकार महाराष्ट्रात झालेत, तेव्हा पडताळणी नको असं मी म्हणणार नाही. पण ज्या मुलाच्या आधारवरचं नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव एका वेलांटीनं वेगळं आहे, ज्याची जन्मतारीख गावाकडे अंदाजानं लिहिली गेली, किंवा ज्याचं आधार निघालेलंच नाही, ते मूल खोटं नसतं. ते रोज वर्गात बसतं, पोषण आहार घेतं, परीक्षा देतं. शिक्षक मोजताना मात्र ते गायब होतं. आणि अशी मुलं कुठे जास्त असतात? जिथे बाहेरून आलेली कुटुंबं जास्त, तिथेच. म्हणजे ज्या शाळांत गर्दी सर्वांत जास्त, त्यांचाच पट कागदावर सर्वांत कमी दिसायची शक्यता असते.

खोल्यांची गोष्ट याहून अवघड आहे. शिक्षक उशिरा का होईना हलवता येतो, खोली हलवता येत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार, असं प्रमाण दिलं आहे आणि प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली सांगितली आहे. याचा अर्थ पट मान्य झाला नाही तर शिक्षक नाही आणि शिक्षक मंजूर नाही तर खोलीही नाही. मग एका खोलीत दोन वर्ग पाठीला पाठ लावून बसतात. एक वर्ग पूर्वेच्या फळ्याकडे तोंड करून, दुसरा पश्चिमेच्या. पहिलीची मुलं मोठ्यानं बाराखडी म्हणतात तेव्हा चौथीच्या बाई थांबतात, आणि चौथीचा पाढा सुरू झाला की पहिलीच्या बाई. ज्या वर्गाला तेवढीही जागा मिळत नाही तो व्हरांड्यात बसतो, आणि पोषण आहाराची वेळ झाली की पातेल्यांसाठी जागा करून देत उठतो. यात जुनी खोली धोकादायक ठरली तर तिचं निर्लेखन व्हावं लागतं, त्यासाठी अभियंत्याचा दाखला लागतो, आणि नव्या खोलीचा निधी जिल्हा नियोजन समितीकडून किंवा समग्र शिक्षामधून यावा लागतो. तोवर कुलूप लावलेली खोली आवारात उभी असते आणि मुलं तिच्या सावलीत बसतात.

आता जमीन. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण २०१५ मध्ये स्थापन झालं. त्याच्या हद्दीतल्या मोठ्या गृहप्रकल्पांना परवानगी ते देतं. शाळा चालवते जिल्हा परिषद. शिक्षकांची संख्या ठरते राज्याच्या शिक्षण विभागाच्या निकषांवर. प्राधिकरणाचा प्रारूप विकास आराखडा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि २०२५ मध्ये सरकारनं तो रद्द केला. अशा आराखड्यातच शाळा, दवाखाने, मैदानांसाठी जागा राखून ठेवायच्या असतात. आराखडा नसतानाही इमारती थांबल्या नाहीत, त्या उभ्या राहिल्या आणि राहायलाही लोक आले. जिथे आरक्षण आहे तिथेही ते कायमचं नसतं. १९६६ च्या नगररचना कायद्यातल्या तरतुदीनुसार दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो आणि ठरलेल्या मुदतीत पावलं उचलली गेली नाहीत तर आरक्षण उठतं. शहराच्या आत वेगळाच धोका असतो. पुणे महापालिकेत २०२१ मध्ये ॲमिनिटी स्पेस, म्हणजे सार्वजनिक सोयींसाठी राखलेल्या जागा, दीर्घ मुदतीच्या भाड्यानं देण्याचा प्रस्ताव आला होता आणि त्यावर मोठा वाद झाला. त्या वादात उद्यानं आणि मोकळ्या जागांबद्दल पुष्कळ बोललं गेलं. या जागांवर शाळाही होऊ शकते, हा मुद्दा त्या मानानं मागे राहिला, याचं मला वाईट वाटतं.

हद्द बदलली की गोंधळात आणखी भर पडते. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत आली, वाघोली त्यातलीच. गाव एका आदेशानं शहरात जातं, शाळा मात्र जात नाही. इमारत कुणाची, शिक्षकांची सेवा कुणाकडे, दुरुस्तीचा खर्च कुणी करायचा हे ठरेपर्यंत दोन्ही कार्यालयं एकमेकांकडे पाहत राहतात आणि नेमक्या त्याच काळात घरांची संख्या सर्वांत वेगानं वाढते.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की जिल्ह्यात शाळा आणि शिक्षक पुरेसे आहेत, फक्त वाटणी चुकली आहे. भोर-वेल्ह्याच्या डोंगरातल्या शाळांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मुलं, त्या एकत्र करा आणि शिक्षक इकडे आणा. २०१७ मध्ये दहा किंवा त्याहून कमी पटाच्या तेराशेहून अधिक शाळा बंद करण्याचा निर्णय राज्यानं घेतला. २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याची कल्पना पुढे आली. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निर्णयानं लहान शाळांवरचा दाब आणखी वाढवला. या आक्षेपात थोडं तथ्य आहे. शिक्षकांचं समायोजन वेळेवर झालं तर गर्दीच्या शाळांना खरोखर दिलासा मिळेल. पण वेल्ह्यातली रिकामी खोली चाकणच्या मुलाला कामाची नाही, आणि तिथली शाळा बंद झाली तर तिथल्या सहा वर्षांच्या मुलीला ओढा ओलांडून जावं लागतं. जिल्ह्याची सरासरी काढली की दोन्ही ठिकाणचे प्रश्न कागदावर सुटलेले दिसतात. सरासरी ही चाकणच्या एमआयडीसीतही लागू पडत नाही आणि डोंगरातही नाही. म्हणून वाटणी हे उत्तर अर्धंच आहे, आणि एका गरीब मुलाची शाळा काढून दुसऱ्याला देणं हे तर उत्तरच नाही.

दुसरा आक्षेप खासगी शाळांचा. नव्या सोसायट्यांतले लोक सरकारी शाळेत मुलं घालतच नाहीत, मग त्यांच्या फ्लॅटची गणती कशाला? हे काही अंशी खरं आहे. पण त्याच सोसायट्यांत घरकाम करणाऱ्या, पहारा देणाऱ्या, प्लंबिंग करणाऱ्या, भाजी विकणाऱ्या माणसांना जवळपासच्या चाळींत, पत्र्याच्या खोल्यांत राहावं लागतं, आणि त्यांची मुलं जिल्हा परिषदेच्याच शाळेत येतात. फ्लॅट वाढले की ही कुटुंबंही वाढतात. शिवाय सरकारचा स्वतःचाच हिशेब इथे सांगण्यासारखा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये शिक्षण हक्काचे नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळांना २५ टक्के राखीव प्रवेशातून सूट देण्यात आली. मुंबई उच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द केला. त्या बदलामागे जवळच्या सरकारी शाळेत जागा आहे हे गृहीत होतं. नकाशावर शाळेचं टिंब असणं आणि त्या शाळेत एक मूल बसण्याइतकी जागा असणं या निराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट पाहण्याची पद्धतच आपल्याकडे नाही.

कुणी शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीचं उदाहरण देतं. तिथल्या जिल्हा परिषद शाळेच्या लौकिकामुळे प्रवेशासाठी प्रतीक्षायादी लागली, तेव्हा गर्दी हे यशाचं लक्षण, असा सूर असतो. चांगल्या शाळेकडे ओढा असणारच, आणि ती वाढावी. पण लांबून हौसेनं येणारं मूल आणि शाळेच्या भिंतीला लागून राहणारं मूल यांची गर्दी सारखी नाही. पहिल्याला दुसरी शाळा असते.

सर्वांत गंभीर आक्षेप अंदाजाबद्दलचा. स्थलांतरितांचा काय भरवसा, कंपनी बंद पडली की वस्ती रिकामी, मग बांधलेल्या खोल्यांचं करायचं काय? अंदाज चुकतील हे मला मान्य आहे. अगदी जनगणनाही आपल्या हाताशी नाही. शेवटची २०११ ची, २०२१ ची झालीच नाही आणि पुढची २०२७ मध्ये आहे. हिंजवडीसारख्या गावाचं नियोजन २०११ च्या आकड्यांवर करणं म्हणजे दुसऱ्याच गावाचं नियोजन करणं. पण चुकीची किंमत दोन्ही बाजूंना सारखी नसते. जास्तीची खोली बांधली गेली तर तिथे ग्रंथालय होईल, अंगणवाडी बसेल. खोली कमी पडली तर एका मुलाची पहिली-दुसरीची वर्षं व्हरांड्यात जातात, आणि वाचनाची ती वर्षं पुढे भरून काढणं फार कठीण असतं. शिवाय अंदाज बांधा, असं कायदाच सांगतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीनं शाळा विकास आराखडा करायचा आहे. तो तीन वर्षांचा असतो आणि त्यात येत्या वर्षांचा इयत्तावार पट आणि लागणाऱ्या खोल्या मांडायच्या असतात. पण समितीतल्या पालकांच्या हाती असतं काय? शेजारच्या प्रकल्पात किती घरं मंजूर झाली, ती कधी ताब्यात मिळणार, हे त्यांना कुणी कळवत नाही. म्हणून त्या रकान्यात गेल्या वर्षीच्या आकड्यात थोडी भर घालून काहीतरी लिहिलं जातं आणि आराखडा फायलीत जातो.

एक कर्तबगार अधिकारी आला की सगळं सुरळीत होईल, अशी आशा अनेकांना असते. मी चांगल्या अधिकाऱ्यांचं काम कमी लेखत नाही. पण २००५ च्या बदली कायद्यानुसार साधारण कार्यकाळ तीन वर्षांचा, आणि प्रकल्पाच्या परवानगीपासून मूल शाळेत येईपर्यंत जाणारा काळ त्याहून मोठा. परवानगीच्या वेळचा अधिकारी मूल आल्यावर तिथे नसतो. लोकप्रतिनिधींनी ही सलगता ठेवायची, तर पुणे जिल्हा परिषदेची आणि महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे वर्षानुवर्षं प्रशासकच होते. त्या काळात कारभार वेगानं झाला, असं काही जण म्हणतात. झालाही असेल, पण त्या वर्षांत व्हरांड्यातल्या वर्गाबद्दल भर सभेत जाब विचारता येईल असा निवडून आलेला सदस्य पालकांना नव्हता.

म्हणून मागणी मोठ्या निधीपासून सुरू होऊ नये असं मला वाटतं. ती एका कागदापासून व्हावी. ३० सप्टेंबरचा पट आला की नोव्हेंबरअखेर जिल्हा परिषदेनं प्रत्येक केंद्राचा, म्हणजे जवळच्या शाळांच्या गटाचा, पुढच्या तीन वर्षांचा अंदाज जाहीर करावा. त्यासाठी लागणारी माहिती सरकारकडेच आहे. घरांच्या परवानग्या प्राधिकरणाकडे आणि महापालिकेकडे आहेत, जन्मनोंदी स्थानिक संस्थांकडे आहेत. तीन ते सहा वयाच्या मुलांच्या याद्या अंगणवाड्यांत आहेत, आणि ग्रामीण भागातल्या अंगणवाड्या त्याच जिल्हा परिषदेच्या महिला व बालविकास विभागाकडे आहेत, शिक्षण विभागाच्या शेजारच्या दालनात. आधार जुळत नसलेली पण वर्गात बसणारी मुलं त्यात वेगळ्या रकान्यात दाखवावीत, लपवू नयेत. मागच्या वर्षीचा अंदाज किती चुकला तेही त्याच कागदावर असावं. जिल्हा नियोजन समितीच्या पुढच्या वर्षाच्या आराखड्याची चर्चा हिवाळ्यात होते, तेव्हा पालकमंत्र्यांसमोर वर्गखोल्यांच्या निधीबरोबर हा कागद ठेवला गेला पाहिजे, आणि तो आधी ग्रामसभेत वाचला गेलेला असला पाहिजे. तोवर पालकांच्या हाती शिक्षण हक्क कायद्याचं कलम ३२ आहे. त्याखाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते आणि तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हावा अशी तरतूद आहे. जुलैत दिलेल्या तक्रारीचं उत्तर ऑक्टोबरमध्ये यायला हवं, म्हणजे पट पक्का होण्याच्या सुमारास.