पॉइंट कुणासाठी?

१९९०च्या दशकात क्रायस्लर या अमेरिकी मोटार कंपनीत पगारवाटपाचं नवं सॉफ्टवेअर तयार होत होतं. केंट बेक, रॉन जेफ्रीज आणि त्यांचे सहकारी तिथे एक्स्ट्रीम प्रोग्रामिंगची पद्धत घडवत होते. कुणी मध्येच उठवलं नाही तर काम किती दिवसांत होईल, याचा अंदाज टीम बांधायची. प्रत्यक्षात वेळ लागायचा साधारण तिप्पट. तीन दिवसांच्या कामाला नऊ दिवस का, हे बाहेरच्यांना उमगेना. तेव्हा दिवसांऐवजी पॉइंट म्हणायला सुरुवात झाली. पुढच्या खेपेला किती काम अंगावर घ्यावं, हे टीमने आपसात ठरवण्यापुरता तो आकडा होता.

आज पुण्याच्या हिंजवडी-खराडीतल्या कितीतरी सॉफ्टवेअर टीमना तोच आकडा वरून येतो. मागच्या स्प्रिंटला (कामाच्या खेपेला) तीस झाले, आता चाळीस करा! मग काल तीन पॉइंटांची असलेली स्टोरी, म्हणजे कामाचा एक तुकडा, आज पाचांची होते. आलेख चढतो, काम मात्र तेवढंच. टेस्ट लिहिणं, जुना कोड साफ करणं यांना पॉइंट नसतात, म्हणून ती कामं मागे पडतात.

खरं नुकसान सकाळच्या स्टँडअप बैठकीत होतं. नवी मुलगी दोन दिवस एकाच बगशी झगडत असते, पण सगळ्यांसमोर मोजमाप चाललेलं असताना ‘मी अडकले’ म्हणायला धजत नाही. ‘चालू आहे’ म्हणते. शेजारच्या सिनियरला उत्तर कदाचित ठाऊक असतं, पण त्याच्यापर्यंत प्रश्नच पोचत नाही. अडचण लवकर कळावी म्हणून सुरू झालेली ही बैठक अशी हजेरी होऊन बसते.

२०११ साली स्क्रम गाइडमधून, म्हणजे स्प्रिंटने काम करण्याच्या स्क्रम पद्धतीच्या मार्गदर्शिकेतून, स्प्रिंटच्या कामाबाबतची ‘वचनबद्धता’ जाऊन तिथे ‘अंदाज’ आला. २०२० च्या आवृत्तीत तर स्टोरी पॉइंटचा उल्लेखही नाही. पॉइंट आपणच शोधले असतील तर त्याचा आता खेद वाटतो, असं जेफ्रीज यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे.

दोष एकट्या मॅनेजरचा नाही. हजारो मैलांवरचा क्लायंट दर महिन्याला पैसे मोजतो, त्याला काहीतरी दिसायला हवं. मग आकडा कशाला, चालतं सॉफ्टवेअरच दाखवावं. दर दोन आठवड्यांनी डेमोला वापरणारी माणसं बोलवावीत आणि स्टोरी एकदोन दिवसांत संपतील इतक्या लहान कराव्यात. मग पूर्ण झालेल्या स्टोरी नुसत्या मोजल्या तरी पुढच्या स्प्रिंटचा अंदाज बांधता येतो.