मावशीची मेथी आणि रात्रीची गोळी

वाशीमला मावशीच्या स्वयंपाकघरात जे कालनिर्णय टांगलंय, त्यावर दुधाचे खाडे आहेत, सिलिंडर लावल्याची तारीख आहे, भिशीची पाळी आहे आणि मधूनच एखाद्या चौकटीत निळ्या पेनानं लिहिलेला २.४ किंवा ३.६ असा आकडा आहे. पाहुण्यांना तो कळत नाही. घरच्यांना मात्र त्यावरून त्या आठवड्याचा रागरंग समजतो. रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणारा तो आयएनआरचा आकडा. २ ते ३च्या मध्ये असला की मावशी कोणाच्याही लग्नाला जायला तयार. दोनच्या खाली गेला की गुठळीची धास्ती, आणि चारच्या वर चढला की घरातली विळी काकांच्या ताब्यात.

मावशीला एट्रियल फिब्रिलेशन आहे. तिच्या तोंडी त्याचं वर्णन साधं असतं: "छातीत कोणी उड्या मारते न बापा, अन् मंधातच थांबते." वैद्यकाच्या पुस्तकातलं वर्णनही यापेक्षा फार वेगळं नाही. हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन पावायचं सोडून नुसते थरथरत राहतात; तिथले विजेचे संदेश मिनिटाला साडेतीनशे ते सहाशेपर्यंत जातात. ते सगळेच्या सगळे खाली पोचले असते तर माणूस वाचला नसता. मध्ये बसलेली एव्ही नोड नावाची गाठ राखणदारासारखी त्यातले थोडेच सोडते, तेही वेळीअवेळी. म्हणून नाडी नुसती जलद लागत नाही, ती बेतालही लागते. आणि वरच्या कप्प्यात रक्त साचून राहतं, डाव्या बाजूच्या एका पिशवीसारख्या कोपऱ्यात गोठतं आणि एखादी गुठळी सुटून मेंदूत जाऊ शकते. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या दीर्घ अभ्यासानं या आजारात पक्षाघाताचा धोका सुमारे पाच पटींनी वाढतो हे दाखवलं. धडधडीपेक्षा ही गुठळीच जास्त घातक.

मावशीच्या आजाराचं मूळ तिच्या लहानपणात आहे. मालेगाव तालुक्यातल्या खेड्यात शाळकरी वयात घसा दुखला, ताप आला, आणि मग सांधे सुजले. आज गुडघा, परवा घोटा, नंतर मनगट. घरच्यांनी वात समजून शेक दिला, तेल लावलं, आणि सांधे बरेही झाले. घशातल्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूनंतर येणारा हा संधिवाताचा ताप सांधे सोडतो पण झडप सोडत नाही. दुसऱ्या बाळंतपणानंतर जिना चढताना धाप लागू लागली, तेव्हा इकोमध्ये मायट्रल झडप अरुंद झालेली दिसली. नागपूरला फुग्यानं ती रुंद करून घेतली. त्यावर बरीच वर्षं गेली. पन्नाशी ओलांडली आणि छातीत उड्या सुरू झाल्या.

युरोप-अमेरिकेत हा मुख्यतः म्हाताऱ्यांचा आजार, आपल्याकडे तसा नाही. इंडियन हार्ट ऱ्हिदम सोसायटीनं २०११-१२मध्ये देशभरातल्या १,५३७ रुग्णांची नोंद केली. त्यांचं सरासरी वय पंचावन्नच्या आत होतं आणि जवळपास निम्म्या लोकांच्या आजाराचं कारण संधिवाताच्या तापानं खराब झालेली झडप हेच होतं. मावशी अपवाद नाही, ती भारतीय रुग्णाचा नमुना आहे. त्यामुळेच पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचा सल्ला तिला लागू पडत नाही. "आता नव्या गोळ्या आल्यात, रक्त तपासायची भानगडच नाही," असं प्रत्येक दिवाळीला कोणीतरी सांगतं. गोळ्या आल्यात हे खरं. पण झडप अशी अरुंद असेल तर? २४ देशांतल्या साडेचार हजारांवर रुग्णांचा इन्व्हिक्टस नावाचा अभ्यास २०२२मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात भारतातले रुग्णही होते आणि एकूण रुग्णांत बायका जवळजवळ तीन चतुर्थांश. नवी रिव्हारोक्सॅबॅन घेणाऱ्यांपेक्षा जुनी, तपासणीची कटकट असलेली गोळी घेणाऱ्यांत मृत्यू कमी झाले. म्हणून मावशीच्या डबीत आजही असेनोकुमॅरॉल आहे. मेडिकलवाला तिला असिट्रॉम म्हणून ओळखतो.

या गोळीच्या घराण्याचा इतिहास वाशीमच्या शेतकऱ्याला आपला वाटेल असा आहे. १९३३च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी बर्फाच्या वादळातून गाडी हाकत विद्यापीठात पोचला. बरोबर मेलेली कालवड, न गोठलेल्या रक्ताचा दुधाचा कॅन आणि बुरशी आलेला चारा. कार्ल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या चमूनं अनेक वर्षं खपून त्या कुजक्या चाऱ्यातलं रक्त न गोठू देणारं द्रव्य शोधलं. त्यातूनच पुढे वॉरफॅरिन तयार झालं आणि १९४८मध्ये ते बाजारात आलं, ते उंदरांचं औषध म्हणून. माणसांसाठी त्याला १९५४मध्ये मान्यता मिळाली. काकांचं कृषी केंद्र आहे. त्यांच्या फळीवरचं ब्रोमॅडिओलोन याच घराण्यातलं, हे त्यांना कळल्यापासून ते मावशीला जेवणानंतर गोळी देताना गंभीर चेहऱ्यानं विचारतात, "उंदरानं औषध घेतलं का?"

विनोद असला तरी गोळीचं काम त्यातून समजतं. यकृत रक्त गोठवणारे काही घटक बनवतं, त्यासाठी त्याला के जीवनसत्त्व लागतं. गोळी नेमकं तेच काम अडवते. के जीवनसत्त्व सगळ्यांत जास्त असतं हिरव्या पालेभाजीत. म्हणजे ताट एकीकडे ओढतं आणि गोळी दुसरीकडे.

सुरुवातीला डॉक्टर घाईत "पालेभाजी जपून" एवढंच म्हणाले, आणि घरानं त्याचा अर्थ पालेभाजी बंद असा लावला. मेथी गेली, पालक गेला, कोथिंबिरीवरही संशय. सगळे आपुलकीनं वागत होते, आणि गोंधळ त्या आपुलकीतूनच झाला. पालेभाजी नाही म्हणून आकडा वर गेला, म्हणून गोळी कमी केली गेली. मग हिवाळ्यात मावशी माहेरी गेली. तिथे शेतात हरभरा कोवळा होता. शेंडे खुडून केलेली भाजी, वर लसणाची फोडणी, सोबत ज्वारीची भाकर. भावजयीनं आग्रह केला आणि मावशीनं पथ्याचा सगळा उपास तिथंच फेडला. परत आल्यावर आकडा १.४. गोळी वाढली. एप्रिल आला, बाजारातल्या पालेभाज्या आटल्या, घरोघरी चून आणि सांडग्यांची भाजी शिजू लागली, आणि आकडा ४.८. दात घासताना हिरड्यांतून रक्त आणि दंडावर कशानं उठले कळू नये असे निळे डाग.

वऱ्हाडाच्या जेवणाला ऋतू असतात, आणि ही गोळी घेणाऱ्याला ते फार जपून ओलांडावे लागतात. पावसाळ्यात तरोटा, थंडीत हरभरा आणि मेथी, उन्हाळ्यात जवळजवळ काहीच नाही. या उलथापालथीची दखल छापील पथ्याच्या कागदात नसते. कागद कुठून तरी भाषांतर होऊन आलेला; त्यात ब्रोकोली आणि केल असतात.

पुढे अकोल्याच्या डॉक्टरांनी वेळ काढून समजावलं की काहीही सोडायचं नाही, फक्त आठवड्यागणिक सारखं ठेवायचं. आता मंगळवारी आणि शुक्रवारी एक वाटी पालेभाजी, बारा महिने. उन्हाळ्यात जुडी महाग मिळते, तरी आणतात. शंभर ग्रॅम पालकात साडेचारशे मायक्रोग्रॅमहून जास्त के जीवनसत्त्व असतं आणि तेवढ्याच पत्ताकोबीत ऐंशीच्या आत, म्हणून पालकाच्या जागी कोबी केला तर हिशेब जुळत नाही, हे मावशी आता शेजारणींना शिकवते. तेलाची गोष्ट तर खास वाशीमचीच. हा जिल्हा सोयाबीनचा. सोयाबीनच्या तेलात के जीवनसत्त्व बऱ्यापैकी असतं, शेंगदाण्याच्या तेलात नावापुरतं. घरात सणाला एक, एरवी दुसरं असं चालायचं. आता बारमाही एकच डबा येतो.

उपासांवर मात्र मोठी लढाई झाली. हरतालिकेचा निर्जळी उपास मावशीनं आयुष्यभर केलेला. झडपेमुळे पाणी साचू नये म्हणून तिला लघवी वाढवणारी गोळी असते. त्यात पाणी बंद आणि पोटात अन्न नाही, तर पोटॅशियम घसरतं आणि छातीतल्या उड्या वाढतात. नाडी आवरायला दिलेलं डिगॉक्सिन अशा वेळी जास्तच बाधतं. शेवटी तिनं स्वतःच वाट काढली. पूजा करते, जागरणाला बसते, पाणी पिते आणि वरणभात खाते. "महादेवाले माहीत हाय माही झडप कशी हाय ते," असं ती सुनेला म्हणाली, तेव्हा वाद संपला.

सगळ्यांत अवघड प्रकरण दुखण्याच्या गोळ्यांचं. गुडघे दुखतात, आणि आपल्याकडे दुखण्याची गोळी कोणाच्याही पिशवीतून निघते. एका लग्नात कंबर धरली म्हणून गावातल्या एका डॉक्टरांनी डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन दिलं. काय गोळ्या चालू आहेत, हे विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सुई टोचलेल्या जागी तळहाताएवढी काळीनिळी सूज. ही औषधं जठराच्या अस्तराला इजा करतात आणि या गोळीसोबत पोटात रक्तस्राव घडवू शकतात. एका पावसाळ्यात जुलाबावर मेट्रोनिडॅझोल घेतल्यावर आकडा पाचाच्या वर गेला होता, कारण ते औषध या गोळीचा निचराच मंदावतं. आता मावशीच्या पर्समध्ये मराठीत लिहिलेली चिठ्ठी असते: रक्त न गोठण्याची गोळी चालू आहे, दंडात किंवा कमरेत इंजेक्शन देऊ नये. अंग दुखलं तर पॅरासिटॅमॉल, तीही सलग आठवडाभर नाही. अर्जुनाच्या सालीचा काढा एका भाच्यानं आणून दिला होता. तो अजून फडताळात आहे, बाटली न फोडलेली.

वाशीम १ जुलै १९९८ला अकोल्यातून वेगळा जिल्हा झाला, तरी हृदयाच्या कामाला माणसं अजून अकोल्याचीच वाट धरतात. ९ ऑक्टोबर २०२४ला वाशीमच्या सरकारी मेडिकल कॉलेजचं उद्घाटन झालं, त्याकडे मावशीच्या गल्लीचे डोळे लागलेत. कारण आयएनआरसाठी रक्त इथं देता येतं, पण आकडा बिघडला की पुढचं ठरवायला कोण, हा प्रश्न असतो.

गल्लीत दुसरेही एक फिब्रिलेशनवाले आहेत, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. त्यांना सगळे मास्तर म्हणतात. वय सत्तरच्या पुढे, बीपी आणि साखर दोन्ही. झडप ठणठणीत. त्यांना नवी अपिक्सॅबॅन चालते. तिचे भारतीय कंपन्यांचे पर्याय आल्यापासून ती परवडतेही. आयएनआर नको, पालेभाजीचा हिशेब नको, फक्त मूत्रपिंडाची तपासणी वेळच्या वेळी. पण ही गोळी दिवसातून दोनदा घ्यावी लागते. तिचा अंमल लवकर उतरतो, त्यामुळे संध्याकाळची चुकली की सकाळपर्यंत आधार नाही. आणि मास्तरांची संध्याकाळचीच चुकायची, कारण शुक्रवार-शनिवारी मित्रांसोबत बैठक असायची.

एक दिवस ते मावशीकडे पथ्याची यादी मागायला आले. मावशीनं त्यांना बसवलं, चहा दिला. चहाचं भय दोघांनीही सोडलंय. रोजचा बेताचा चहा या आजारात गुन्हेगार ठरलेला नाही. मग ती म्हणाली, "मास्तर, माही यादी तुमच्या कामाची नाही. तुमची गोळी वायली, माही वायली. मेथी खा पोटभर. तुम्ही ते शुक्रवारचं बंद करा."

मास्तर हसले. पण तिचं म्हणणं पुराव्यानिशी खरं आहे. ऑस्ट्रेलियात नियमित दारू घेणाऱ्या १४० रुग्णांपैकी निम्म्यांना दारू सोडायला लावली, तेव्हा सहा महिन्यांत फिब्रिलेशन परत आलेले त्यांच्यात ५३ टक्के निघाले आणि पीत राहिलेल्यांत ७३ टक्के. २०२०चा हा अभ्यास. ऑस्ट्रेलियातच, अ‍ॅडलेडमध्ये, त्याआधी दिसलं होतं की ज्या लठ्ठ रुग्णांनी आपलं दहा टक्के वजन उतरवलं आणि टिकवलं, त्यांची लय ताळ्यावर राहण्याची शक्यता सहापट झाली. मास्तरांचं पोट पाहता हा दुसरा अभ्यासही त्यांच्यासाठीच केलेला वाटतो.

मास्तर आता रोज पहाटे पद्मतीर्थाकडे चालायला जातात आणि बोटं मनगटावर ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजतात. मावशीनंच शिकवलं: बेताल नाडी पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायची नसते. संध्याकाळच्या गोळीसाठी मोबाइलात गजर आहे. बैठक महिन्यातून एकदावर आली आहे. तीही बंद झाली असं मास्तर सांगतात, पण काकांचा त्यावर विश्वास नाही.