फाइल डिस्कवर, शोध यादीत

‘संगणकात फाइल सापडत नाही’ अशी तक्रार आली की मी आधी एवढंच विचारतो : शोधलंत कुठून? खाली स्टार्टच्या चौकटीत नाव टाकलंत, की फोल्डर उघडून त्याच्या कोपऱ्यातल्या चौकटीत? समोरच्याला प्रश्न क्षुल्लक वाटतो. या दोन चौकटी दिसायला सारख्या असल्या, तरी काम निरनिराळं करतात, आणि बरंचसं निदान त्या उत्तरातच असतं.

छापखाने, शाळांची कार्यालयं, पतसंस्था, सीएंची ऑफिसं आणि निवृत्तीनंतर संगणकावर लिहू लागलेले काही लेखक, अशांच्या यंत्रांची देखभाल हा माझा व्यवसाय. ‘गेली’ म्हणून ज्या फाइलवर पाणी सोडलेलं असतं ती बहुतेक वेळा डिस्कवर सुखरूप असते. शोधाने ‘नाही’ म्हटलं, याचा अर्थ ती त्याच्या यादीत नाही, एवढाच. ही यादी म्हणजे इंडेक्स. विंडोज फुरसतीच्या वेळी ठरावीक फोल्डरांमधून फिरतं, फाइलींची नावं आणि जमेल तिथे आतले शब्द टिपून ठेवतं, आणि विचारलं की डिस्क न चाळता त्या टिपणातून उत्तर देतं. म्हणून ते क्षणात येतं. ग्रंथालयातल्या कार्डांच्या कपाटात कार्ड दिसलं नाही, तर जाणता वाचक मांडणीपर्यंत जाऊन खात्री करतो. संगणकाचा नकार मात्र आपण निमूट मान्य करतो.

यादीत काय येतं, हे आधी पाहावं. २०१९पासून विंडोज १०मध्ये शोधाच्या सेटिंगमध्ये दोन पर्याय मिळतात : ‘क्लासिक’ आणि ‘एन्हान्स्ड’. क्लासिकमध्ये डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक आणि डेस्कटॉप एवढीच ठिकाणं येतात. आपल्याकडची रीत मात्र वेगळी. विंडोज नव्याने टाकावं लागलं तरी डेटा वाचावा म्हणून सगळं कामाचं ‘डी’ ड्राइव्हवर ठेवायचं, हे प्रत्येक दुरुस्तीवाला गिऱ्हाइकाला सांगत आला आहे. सल्ला चांगलाच आहे. पण ‘डी’ ड्राइव्ह यादीत घालायला कुणी सांगत नाही. मग जन्माचं काम डीवर आणि शोध सी-वरच्या रिकाम्या डॉक्युमेंट्समध्ये, असा प्रकार होतो.

‘डी’ उघडून तिथल्या चौकटीत शोधलं तर विंडोज खरोखर फोल्डर धुंडाळतं, पण सावकाश, आणि सहसा फक्त नावं बघतं. यादीबाहेरच्या ठिकाणी फाइलींच्या आतही बघायचं, तर फोल्डर ऑप्शन्समधल्या ‘सर्च’च्या पानावर तशी खूण करावी लागते.

दुसरी पायरी, फाइल मुळात आहे का ते ठरवणं. त्यासाठी मी ‘एव्हरीथिंग’ नावाचा छोटासा मोफत प्रोग्रॅम वापरतो. एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवर प्रत्येक फाइलची नोंद ठेवणारा एक मूळ तक्ता असतो. हा प्रोग्रॅम थेट तोच तक्ता वाचतो. त्यामुळे डिस्कवरची झाडून सगळी नावं काही सेकंदांत समोर येतात. इथे नाव दिसलं, की फाइल शाबूत आहे आणि दोष विंडोजच्या यादीचा आहे. इथेही दिसलं नाही, तर नाव बदललंय, फाइल दुसऱ्या यंत्रावर आहे किंवा ती पुसली गेली आहे. एका फटक्यात निम्म्या शंका बाद होतात.

हमखास सापडणारं एक ठिकाण सांगतो. ई-मेलला जोडून आलेली वर्डची फाइल आधी सेव्ह न करता थेट उघडली, त्यात तासभर दुरुस्त्या केल्या आणि सेव्ह केलं, तर ती पुष्कळदा मेल प्रोग्रॅमच्या तात्पुरत्या, लपवलेल्या फोल्डरमध्ये जाते. त्या भागाला इंडेक्स शिवत नाही आणि एक्सप्लोररही तो दाखवत नाही. माणूस शपथेवर सांगतो, ‘मी सेव्ह केली होती.’ खरंच केलेली असते.

बरेच जण पहिल्याच तक्रारीला ‘रीबिल्ड’चं बटण दाबतात. त्याने जुनी यादी पुसून नवी सुरू होते, आणि मोठ्या डिस्कवर ती पुरी होईपर्यंत काल सापडणाऱ्या फाइलीही आज सापडेनाशा होतात. आधी इंडेक्सिंग ऑप्शन्स उघडून वरची ओळ वाचावी. काम पूर्ण झालंय म्हणते की अजून चालू आहे? लॅपटॉप बॅटरीवर असेल तर वीज वाचवायला हे काम मंदावतं किंवा थांबतं. ‘विंडोज सर्च’ ही सर्व्हिस कुणी ‘संगणक वेगवान करतो’ म्हणून बंद करून ठेवली आहे का, तेही बघावं. ‘रीबिल्ड’ शेवटी.

नाव सापडतं पण आतला मजकूर सापडत नाही, ही तऱ्हा निराळी. आतला मजकूर वाचण्यासाठी विंडोजला त्या-त्या प्रकारच्या फाइलसाठी फिल्टर लागतो. वर्ड, एक्सेल, साधी टेक्स्ट फाइल यांचे फिल्टर असतात. २००१च्या विंडोज एक्सपीमध्ये फिल्टर नसलेल्या प्रकारांच्या आत शोध डोकावतच नसे, आणि तसं सांगतही नसे. अनोळखी एक्स्टेन्शनची साधी टेक्स्ट फाइलसुद्धा त्यामुळे हुकायची. पेजमेकरच्या फाइलींची गत आजही तीच आहे. कोरलड्रॉमध्ये छपाईला पाठवण्याआधी अक्षरं ‘कर्व्ह’ करतात. त्यानंतर तिथे अक्षरं उरत नाहीत, रेषा उरतात. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे तर नुसता फोटो. तिच्यासाठी आधी ओसीआर करावं लागतं.

इथवरच्या अडचणी जगात कुठेही येतात. मराठी माणसाला आणखी एक थर ओलांडावा लागतो, आणि माझा सगळ्यांत जास्त वेळ तिथेच जातो.

युनिकोड रुळण्याआधीची डीटीपीची मराठी मुळात मराठी म्हणून साठवलेलीच नाही. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले फॉन्ट होते, आणि प्रत्येकाची मांडणी वेगळी. कृतीदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द फाइलीत ई, जे, के, बी, एच अशा पाच रोमन अक्षरांचा असतो. फॉन्ट आहे तोवर डोळ्यांना मराठी दिसते. शोधाला मात्र तीच पाच अक्षरं दिसतात. शिवाय क्रम डोळ्यांच्या हिशेबाने. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. आज युनिकोड कीबोर्डवरून ‘मराठी’ टाइप करून शोधलं, तर अशा हजार फाइली पडलेल्या असूनही उत्तर शून्य येणार.

यावर तोड साधी आहे. त्या काळातली कुठलीही एक फाइल उघडा, हवा असलेला शब्द तिच्यातून कॉपी करा आणि शोधाच्या चौकटीत पेस्ट करा. चौकटीत निरर्थक रोमन अक्षरं दिसतील. दिसू द्या. त्याच फॉन्टमधल्या वर्डच्या फाइली त्यावर बऱ्याचदा पटापट वर येतात. शब्दात विरामचिन्हांच्या जागची अक्षरं असतील तर शोध अडखळतो. अशा वेळी सरळसोट अक्षरांचा शब्द निवडावा.

युनिकोड आल्यावर प्रश्न संपला म्हणावं, तर तसंही नाही. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र दोन तऱ्हांनी साठवता येतो : एका तऱ्हेत ऱ हे वेगळं अक्षर आणि हलन्त, दुसरीत साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. कागदावर दोन्ही सारखेच. ‘ॲ’ला स्वतंत्र संकेतांक मिळाला २००८मध्ये. त्याआधी तो अ आणि चंद्र जोडून लिहीत, आणि काही कीबोर्ड पुढेही तसंच करत राहिले. जुन्या मॅकच्या फाइल पद्धतीत तर नावातला ऱ फोडून र आणि खाली नुक्ता असा ठेवला जाई. ही नावं पेनड्राइव्हवरून विंडोजमध्ये आली की चिन्हाला चिन्ह ताडून पाहणारा शोध त्यांना परकं मानतो. आकड्यांचंही तेच : नावात मराठी ५ आणि शोधताना इंग्रजी पाच, म्हणजे दोन निरनिराळी चिन्हं. त्यात लेखनभेदांची भर. हिशोब की हिशेब? १९६२च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, पण जुन्या पुस्तकांवरून बरहुकूम टाइप केलेल्या मजकुरात ‘कांहीं’ असतंच. यंत्राला शुद्धलेखन येत नाही. जे टाइप कराल तेच ते शोधतं.

म्हणून मी गिऱ्हाइकांना दोन-तीन सवयी लावतो. शोधताना पूर्ण नाव न टाकता, ज्यात अर्धा र, ॲ किंवा आकडा नाही असा शब्दाचा सुरुवातीचा तुकडा टाकावा, कारण इंडेक्स साधारणपणे शब्दाच्या सुरुवातीपासून जुळवतो. ऑफिसात सगळ्यांनी एकच कीबोर्ड वापरावा. फाइलच्या नावात वर्ष, विषय, व्यक्ती हा क्रम ठरवून घ्यावा आणि आकडे कुठले तेही ठरवावं. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल शेवटची’ ही नावं ज्याने दिली त्यालाही आठवड्याने कळत नाहीत.

एक काम मात्र सवयींनी भागणारं नाही. प्रकाशकांकडे, छापखान्यांत आणि दिवाळी अंकांच्या कार्यालयांत नव्वदीपासूनचं साहित्य जुन्या फॉन्टमध्ये सीडींवर पडून आहे. ते युनिकोडमध्ये आणणारे कन्व्हर्टर मिळतात. पण मूळ फॉन्ट नेमका कोणता होता हे कळलं तरच ते चालतात, आणि जोडाक्षरं, रफार, वेलांट्या यांत चुका सोडतातच, म्हणजे नंतर मुद्रितशोधकाचा हात लागतोच. फॉन्टचं नाव सांगू शकणारी माणसं, म्हणजे त्या काळचे डीटीपी ऑपरेटर, आता निवृत्तीला आले आहेत. डिस्क बिघडली तर डेटा काढून देणारे पुष्कळ आहेत. कुठला फॉन्ट वापरला होता ही आठवण काढून देणारा कुणी नाही. या वर्षीचा अंक छापून झाला की मोकळ्या दिवसांत आधी त्या ऑपरेटरना बोलावून प्रत्येक सीडीवर फॉन्टचं नाव लिहून घ्या. रूपांतर पुढच्या वर्षी झालं तरी चालेल.