दिवा लागला म्हणजे पैसे गेले?



गणपतीच्या जेवणाला कुणी "सध्या काय चाललंय?" असं विचारलं की मी सांगते, "दिवे लावतेय." लोक हसतात, पण ते अक्षरशः खरं आहे :-) लंडनजवळच्या एका कंपनीत मी बँकांची कार्डं डिझाइन करते. गेली दोन वर्षं माझ्याकडे उजळणारी कार्डं आहेत. बोधचिन्हाखाली इवलासा एलईडी असतो. पैसे द्यायला कार्ड मशीनला टेकवलं की चिन्ह उजळतं.

आईचा फोनवर पहिला प्रश्न, "अगं, त्यात सेल कुठे घालतेस?" सेल नाहीच. दुकानातलं मशीन १३.५६ मेगाहर्ट्‌झचं चुंबकीय क्षेत्र सोडत असतं. कार्डाच्या आत कडेकडेने तारेचे काही वेढे असतात. ते मशीनच्या चारेक सेंटिमीटर जवळ आले की त्यांत वीज तयार होते. फॅरडेने १८३१ साली दाखवलेलं तत्त्वच. त्या चिमूटभर विजेवर कार्डातली चिप चालते, आणि आता आमचा दिवाही.

गोची इथेच आहे. ताट एक आणि जेवणारे दोन. दिव्याने जास्त वीज ओढली की चिप उपाशी. शिवाय चिप मशीनशी बोलते तेही स्वतःचा भार कमी-जास्त करून; दिवा मध्ये आला की ते बोलणं मशीनला नीट ऐकू येत नाही. आमचा पहिला नमुना असा झकास पेटायचा की बघत राहावं, पण मशीन काही ते कार्ड वाचेना! बरं, कार्डाची जाडी ठरलेली, ०.७६ मिलिमीटर. चिप, वेढे, दिवा, छपाई सगळं त्यातच बसवायचं.

रंगाचं तर विचारूच नका. लाल दिव्याला दोनेक व्होल्ट पुरतात, पांढऱ्याला तीनच्या आसपास लागतात. म्हणजे लाल सोयीचा, पण लाल दिसला की माणूस दचकतो. बँकेला हवा होता हिरवा. मलाही तो आवडला, मी लगेच हो म्हटलं.

चाचणीसाठी आम्हा काही जणांना हिरव्या दिव्याची खरीखुरी चालणारी कार्डं मिळाली. त्या शनिवारी मी वेम्बलीला ईलिंग रोडवर भाजीला गेले. मेथी, कोथिंबीर, वांगी आणि आंब्याची एक पेटी. कार्ड टेकवलं, हिरवा दिवा लागला, मी खुशीत सामान उचलून बाहेर. मागून मोठ्याने हाक, "बेन! ओ बेन! पेमेन्ट थयुं नथी!"

मशीनने पिन मागितला होता. बऱ्याच वेळा नुसतं कार्ड टेकवलं की सुरक्षेसाठी मध्येच पिन विचारतात, हे मला तोंडपाठ आहे. पण मी पडद्याकडे पाहिलंच नव्हतं, माझ्या दिव्याकडे पाहत होते! रांगेतल्या बायका माझ्याकडे बघत होत्या. दुकानदार भला माणूस, काही बोलला नाही. माझे मात्र कान तापले. घरी येताना मनात म्हटलं, छान दिवे लावलेस हो बाई!

तसं पाहिलं तर दिवा खोटं बोलला नव्हता. "मला वीज मिळाली" एवढंच तो सांगत होता. "पैसे गेले" हे मी ऐकलं. आणि ते कार्डाला सांगताही येणार नाही. कार्ड आपली माहिती मशीनला देऊन मोकळं होतं. ती पुढे बँकेकडे जाते, आणि होकार किंवा नकार येईपर्यंत कार्ड बहुतेक वेळा परत पाकिटात गेलेलं असतं. निकाल कळतो तो मशीनला.

२००७ साली ब्रिटनमध्ये ही कार्डं आली तेव्हा एका वेळची मर्यादा १० पौंड होती. २०२१ मध्ये ती १०० पौंडांवर गेली. म्हणजे चूकही तेवढीच महाग. मला "बेन" म्हणून हाक मारली. पण मुलाकडे राहायला आलेल्या, इंग्रजी बेताचं असणाऱ्या एखाद्या आजींना दारातच कुणी चोर समजून अडवलं तर?

सोमवारी मीटिंगमध्ये सगळा प्रकार सांगितला. आधी हशा पिकला. मग मी म्हटलं, हिरवा नको. हिरव्याला मीच हो म्हटलं होतं, तेव्हा चूक माझीही आहे. मार्केटिंगवाले म्हणाले, हिरव्यातच तर मजा आहे! बऱ्याच वादावादीनंतर आमच्याकडून पिवळसर नारंगी ठरला. त्यालाही दोनेक व्होल्ट पुरतात, आणि तो पासही म्हणत नाही, नापासही म्हणत नाही. देवघरातल्या समईसारखा नुसता असतो. शिवाय कार्डासोबतच्या पत्रात एक ओळ टाका म्हटलंय: दिवा लागला म्हणजे पैसे गेले असं नाही, पडदा पाहा.

बँकेचं उत्तर अजून यायचंय. ते हिरव्यावरच अडून बसले तर काय करायचं, हे मला अजून सुचलेलं नाही.

तोवर तुमच्याकडे असं उजळणारं कार्ड आलं तर कौतुक जरूर करा, पण नजर मशीनच्या पडद्यावर ठेवा. आंब्याची पेटी घेऊन परत फिरताना फार लाज वाटते हो!

असो. चू.भू.द्या.घ्या.