दगडफूल आणि झेडग्रेप

आमच्या घरात वस्तू हरवत नाहीत, त्या 'नीट ठेवलेल्या' असतात. आणि एकदा नीट ठेवलेली वस्तू सापडणे ब्रह्मदेवाच्याही हातात नसते.

माझ्या रोजनिशीचे तसेच झाले. सन २००६ पासून मी ती संगणकावर लिहितो. पुतण्याने तिच्या वर्षावार फायली जीझिपने दाबून 'नीट' ठेवल्या. परवा सौ.ने मसाल्याचा घाट घातला आणि म्हणाली, "अहो, आईंनी फोनवर प्रमाण सांगितलं होतं, ते तुम्ही लिहून घेतलंत ना? अर्धा किलो धण्यांना दगडफूल किती?"

आई २०१५ साली गेली. म्हणजे ते प्रमाण आता रोजनिशीत, आणि रोजनिशी गासडीत!

"सगळ्या फायली सोडवायच्या?" मी पुतण्याला विचारले.

"छे हो काका, झेडग्रेप आहे ना!"

ग्रेप हा केन थॉम्सन यांनी १९७३च्या सुमारास अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम. शब्द सांगा, तो असलेली प्रत्येक ओळ हजर! पण दाबलेल्या फायलीत शब्द शब्दच राहत नाही. म्हणून झेडग्रेप ती आतल्या आत उलगडत ग्रेपच्या हाती देतो आणि मागे पसारा ठेवत नाही. हा गुण आमच्या घरात कुणाकडूनच आलेला नाही.

"पण काका, तुमच्या फायली फारच लहान झाल्या हो!" पुतण्या म्हणाला. मी सुखावलो. मग त्याने कारण सांगितले. तोच मजकूर पुन्हा आला की जीझिप तो लिहीतच नाही. 'इतकी अक्षरे मागे जा, तितकी उतरवून घे' एवढीच खूण ठेवतो. थोडक्यात, माणूस जितके तेच ते लिहील तितकी फाईल लहान.

पुतण्याने काळ्या पडद्यावर 'दगडफूल' टंकले. एकही ओळ नाही! सौ.ने माझ्याकडे नुसते पाहिले. प्रमाण फोनवरून आले होते, म्हणून मी म्हणालो, "'आईचा फोन' घालून बघ."

पडदा भरभरून वाहू लागला. "आईचा फोन. विशेष काही नाही." "आईचा फोन. विशेष काही नाही." २००६, २००७, २००८... कोणी काही बोलेना. जीझिपने सर्वांत जास्त दाबल्या असतील त्या याच ओळी.

मध्येच २०११ची एक निराळी निघाली: "आईचा फोन. काळा मसाला. दगडफुल अंदाजाने."

फु ऱ्हस्व! ग्रेपला ऱ्हस्वदीर्घाची दयामाया नाही. शाळेत मास्तरांनी जे छडीने शिकवले, ते यंत्राने साठीनंतर शिकवले.

"अंदाजाने?" सौ. म्हणाली. "एवढं यंत्र लावून हेच?" आणि तिने डब्यातून सरळ मूठभर दगडफूल काढले.

"फायली राहू देत अशाच?" पुतण्याने विचारले.

"राहू देत. फक्त त्या फोनच्या ओळी तेवढ्या कागदावर छापून दे."

"सगळ्या? अहो, सारख्याच आहेत!"

"सगळ्या," मी म्हणालो.