बटण दाबून ऐक!

रात्री पावणेअकराची स्लो लोकल, लेडीज डबा आणि चक्क खिडकी! असा योग महिन्यातून एखाद्या वेळीच येतो. म्हटलं, सत्कारणी लावू. दोन दिवसांपूर्वी नारायणगावला जाऊन आले होते. तमाशाच्या फडात उभं आयुष्य काढलेल्या एका आजींची मुलाखत. एक तास पन्नास मिनिटं! रेकॉर्डर पलंगावर आम्हा दोघींच्या बरोब्बर मध्ये ठेवला होता. ती फाइल फोनवर घेतली, हेडसेट कानात घातला, प्ले केलं... आणि आजी गायब.

म्हणजे तशा होत्या. पण विहिरीच्या तळाशी. कुकरच्या शिट्ट्या खणखणीत, बाहेरच्या एसटीचा हॉर्न खणखणीत, माझं ‘हो का, बरं बरं’ मात्र आजींबरोबर पाण्यात. आणि मध्येच, शेजारी बसून बोलल्यासारखी, त्यांच्या सुनेची कुजबुज : ‘आई, ते नका ना सांगू. पोरीचं लग्न व्हायचंय अजून.’

ते म्हणजे काय?

घरी येऊन पिन उपटली आणि फोनच्या स्पीकरवर ऐकलं. आजी ठणठणीत! पण आता सून पंख्याच्या घरघरीत बुडालेली. मिनिट-सेकंद लिहून ताळा करून पाहिला. त्या अर्ध्या मिनिटात आजी तीन वेगवेगळ्या गोष्टी बोलल्या होत्या. सुनेला त्यातली कुठली नको होती? आणि अशा अजून किती कुजबुजी त्या पावणेदोन तासांत दबल्या असतील? लेख द्यायला चार दिवस होते.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय, दुसरा इअरफोन घे. घेतले ना! वायरलेस जोडीतला उजवा चाळीस मिनिटांत मान टाकतो. ट्रेनमध्ये घेतलेला दीडशे रुपयांचा महिन्याभरात एका कानाने बहिरा झाला. आणि हा गायब-आजीवाला हेडसेट? तो मामेभावाच्या २०१०च्या फोनबरोबर आलेला. ड्रॉवरमध्ये सापडला तेव्हा पाकीटसुद्धा धड फोडलेलं नव्हतं. कानात बसतो सॉल्लिड, माइक आहे, बटण आहे. तो टाकून द्यायला मन होईना. मग काय, गाठलं लॅमिंग्टन रोड.

कागदोपत्री हा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण टॅक्सीवाल्याला तसं सांगून बघा! १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेला लॉर्ड लॅमिंग्टन केव्हाच गेला, पण त्याच्या नावाने अजूनही लोक रेझिस्टर विकत घेतायत. ग्रँट रोडला उतरायचं, पूर्वेला बाहेर पडायचं आणि पाच-सात मिनिटं पाय ओढायचे. हा एके काळी सिनेमांचा रस्ता. १९७५ला ‘शोले’ लागला तो याच रस्त्यावरच्या मिनर्व्हाला, आणि पाच वर्षं मुक्काम ठोकून होता. आज वर बघितलं की सीसीटीव्हीच्या पाट्या आणि खाली बघितलं की वायरींची भेंडोळी. संगणक जुळवून घेण्यासाठी अख्खी मुंबई इथे यायची, चोरीच्या सॉफ्टवेअरसाठीही यायची. इतकी, की अमेरिकन सरकारने आपल्या ‘बदनाम बाजारां’च्या यादीत या रस्त्याचं नाव घातलं होतं. हा मान मुंबईतल्या किती रस्त्यांना मिळाला असेल?

इथली खरी मजा मोठ्या शोरूममध्ये नाही. ती दोन माणसं आडवी उभी राहिली तर तिसऱ्याला आत जाता येणार नाही अशा गाळ्यांत आहे. भिंतभर छोटे छोटे ड्रॉवर, प्रत्येकावर स्केचपेनने लिहिलेला नंबर आणि कुठल्या ड्रॉवरमध्ये काय आहे हे फक्त शेठच्या डोक्यात. इंजिनिअरिंगची मुलं लास्ट सेमच्या प्रोजेक्टची यादी घेऊन घामाघूम उभी. भाव विचारला की उलट प्रश्न येतो, ‘कितना पीस?’ मी म्हटलं, एक. शेठने माझ्याकडे असं पाहिलं, की मी लग्नाच्या हॉलवर जाऊन एक जिलबी मागितली!

‘मोबाइलच्या हेडसेटची पिन हवी.’

‘थ्री पोल या फोर पोल?’

इथे माझी मास कॉमची डिग्री संपली. त्यांनीच हेडसेट हातात घेतला, पिनेवरच्या काळ्या रेघा मोजल्या. तीन. म्हणजे पिनेचे भाग चार. ‘फोर पोल. पण बिघडलंय काय ते आधी त्या काकांना दाखव,’ म्हणून बोट जिन्याखालच्या टपरीकडे.

काकांची टपरी म्हणजे एक टेबल, एक भिंग, एक मल्टिमीटर आणि रॉकेलच्या दुकानासारखा येणारा फ्लक्सचा वास. त्यांनी माझी आख्खी ष्टोरी ऐकून घेतली आणि ‘हं’ म्हणाले. टेस्टिंगचा एक जुनापाना फोन काढला, एक जुनं हिंदी गाणं लावलं आणि माझ्या कानात हेडसेट दिला. व्हायोलिन होती, तबला होता, गायिका नव्हती. कराओके!

‘आता बटण दाबून ऐक. दाबूनच धर.’

दाबलं. गायिका हजर! सोडलं, गेली. दाबलं, आली. मी दहा वेळा केलं हो, लहान मूल लिफ्टचं बटण दाबतं तसं.

‘हेडसेट चांगलाय,’ काका म्हणाले. ‘तुझा फोन आणि हा वेगवेगळ्या गावचे आहेत.’

फंडा असा. पिनेचं टोक म्हणजे डावा कान, त्यामागचा भाग उजवा कान. इथवर सगळ्या जगाचं एकमत. उरलेल्या दोघांत एक माइकचा आणि एक अर्थचा, म्हणजे दोन्ही कानांचा करंट परत जायचा सामायिक रस्ता. तर या दोघांत पुढे कोण आणि मागे कोण, यावर कंपन्यांचं जमलं नाही. ओएमटीपी नावाच्या पद्धतीत माइक पुढे आणि अर्थ बुडाशी. सीटीआयएमध्ये उलटं. जुने नोकिया, २०१०-११चे सोनी एरिक्सनचे एक्सपीरिया पहिल्या गावचे. आयफोन दुसऱ्या गावचा, आणि हळूहळू जवळपास सगळेच तिकडे राहायला गेले. जुन्या गावचा हेडसेट नव्या फोनला लावला, की अर्थला परतीचा रस्ताच मिळत नाही. मग डाव्या आणि उजव्याचा करंट एकमेकांतूनच फिरतो, आणि दोन्हीकडे जे सारखं आहे ते एकमेकांना खाऊन टाकतं. उरतो तो फक्त दोघांतला फरक. गाण्यात गायिकेचा आवाज बहुतेक वेळा मधोमध ठेवलेला असतो, म्हणून ती जाते. आजी मधोमध बसल्या होत्या, म्हणून त्या गेल्या. सून दाराशी, एका बाजूला होती. ती राहिली! बटण दाबलं की माइक आणि अर्थ आतून जोडले जातात, तेवढ्यापुरता रस्ता मोकळा.

उपाय दोन. दोन्ही गावांना जोडणारा एक बोटभर अडॅप्टर मिळतो, तो मध्ये लावायचा. किंवा पिन कापून नवी लावायची आणि त्या दोन वायरींची अदलाबदल करायची. अडॅप्टर मी आठवड्यात हरवला असता. ‘कापा,’ म्हटलं.

कापल्यावर आत जे दिसलं ते वायर म्हणायच्या लायकीचं नव्हतं. केसाएवढ्या तारा, सुती दोऱ्याबरोबर वळलेल्या. लाल, हिरवी आणि तांब्याच्या रंगाच्या दोन. या रंगालाच लोक फसतात. तो रंग म्हणजे तारेवरचं इनॅमल, तो जाळल्याशिवाय सोल्डर धरतच नाही. घरी यूट्यूब बघून करणाऱ्यांचं तिथेच गाडं अडतं. काकांनी गरम टोकावर सोल्डरचा थेंब घेऊन त्यात तारेचं टोक बुडवलं, धूर निघाला, तार चांदीसारखी झाली. मल्टिमीटरच्या ‘पीं’वर कुठली कोणाची ते ठरवलं. नव्या पिनेचं झाकण आधी वायरीत ओवून ठेवलं (हे विसरलात तर सगळं परत उकलायचं!). वीस मिनिटं. पिनेचे चाळीस, काकांचे शंभर.

निघताना त्यांनी दोन गोष्टी फुकट सांगितल्या. एक, हेडसेट जातो तो बहुतेक पिनेपाशी दोन इंचांत, म्हणून फोनभोवती गुंडाळायचा नाही, सैल वेटोळं करायचं. दोन, ज्यांच्या फोनला गोल जॅकच नाही (२०१६ला आयफोन ७ने तो काढला आणि मग रांगच लागली), त्यांनी सी-टाइपचं कनेक्टर घेताना ‘चिपवालं’ मागायचं. नुसत्या वायरीचं स्वस्त असतं, पण ते सगळ्या फोनना चालत नाही, आणि मग माणूस हेडसेटला शिव्या घालतो.

रविवारी जाऊ नका, बाजार बंद असतो.

त्या रात्री मुलाखत पहिल्यापासून ऐकली. आजी मध्ये, सून उजवीकडे दाराशी, कुकर डावीकडे. घर जसंच्या तसं. कुजबुज एकदा नाही, तीनदा होती. आणि तिन्ही वेळा आजी क्षणभर थांबून पुढे बोलत राहिल्या होत्या. नको असलेली गोष्ट कुठली तेही कळलं. ती माझ्या लेखाची सुरुवात होती.

सकाळी त्याच हेडसेटवरून नारायणगावला फोन लावला. काय ऐकू आलं ते सांगितलं. छापू का नको, म्हणून विचारलं. पलीकडे बराच वेळ नुसती भांडी वाजत होती.

‘तिला भ्या वाटतंय, ते खोटं न्हाई,’ आजी म्हणाल्या. ‘पोरीचं बघतायत सध्या. तेवढं एक काढ. बाकी समदं लिही, माझं नाव टाकून लिही.’ मग जरा थांबून म्हणाल्या, ‘आज बरा येतुया गं तुझा आवाज. मागल्या टायमाला पार हिरीतनं बोलत हुतीस.’