हातात मावणारा कॉम्प्युटर : कसा हवा, कुणासाठी हवा?

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

गेमिंग हा शब्द आपल्याकडे बदनाम झालाय. कुणी 'पोरगा गेमिंग करतो' म्हटलं की घरच्यांच्या डोळ्यांसमोर रमीच्या जाहिराती, बुडालेले पैसे आणि कर्ज येतं. ते येणं चूकही नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तो उगाच नाही केला. पण त्या गदारोळात एक गोष्ट मागे पडली. जुगार वेगळा आणि खेळ वेगळा. आज मी खेळाच्या यंत्राबद्दल बोलणार आहे, कारण ते यंत्र म्हणजे अख्खा कॉम्प्युटर आहे आणि आपल्या गावातल्या कितीतरी घरांत तो पहिला कॉम्प्युटर ठरू शकतो.

मी नवी पेठेत मोबाइल-लॅपटॉप दुरुस्ती करतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत माझ्या टेबलावर अधूनमधून हे हॅण्डहेल्ड यायला लागलेत. मध्ये सात इंची स्क्रीन, दोन्ही बाजूंना बटणं आणि काड्या, आत लॅपटॉपचीच चिप. २०२२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत स्टीम डेक आलं, किंमत ३९९ डॉलरपासून. भारतात ते बरीच वर्षं अधिकृत विक्रीलाच नव्हतं, तरी हौशी पोरं कुणाकुणाकडून मागवत राहिली. २०२३ मध्ये आसुसचं रॉग अलाय भारतात आलं, सत्तर हजारांच्या घरात. ही खेळणी नाहीत. स्टीम डेकला कीबोर्ड, माउस, मॉनिटर जोडा, डेस्कटॉप मोडमध्ये जा, लिनक्स समोर उभं. प्रोजेक्ट लिहा, कोड लिहा, हिशेब करा.

आता मूळ मुद्दा. एक पॉलिटेक्निकचं पोरगं असंच एक यंत्र घेऊन आलं होतं. कंपनीचं नाव घेत नाही. सुट्टीत काम करून दोन वर्षं पैसे साठवलेले. लॅपटॉप आणि गेम दोन्ही परवडत नाही म्हणून एकात दोन. बॅटरी फुगून मागचं कव्हर वर आलेलं. कंपनीच्या सेवा केंद्राने सांगितलं, बॅटरी सुटी मिळत नाही, यंत्र बदलून घ्या, अमुक हजार. तो आकडा ऐकून ते माझ्याकडे आलेलं. उघडून बघितलं तर बॅटरी तळाला अशी चिकटवलेली की सोडवताना वाकली तर आग लागायची. तासभर हळूहळू गोंद सोडवत बसलो. बॅटरी निघाली, पण तिच्या मापाची दुसरी कुठे मिळेना. पोराचं सबमिशन पंधरा दिवसांवर. शेवटी ते यंत्र कायम चार्जरला लावून, बॅटरीविना चालतंय का बघितलं. चाललं नाही. बॅटरी दिसली नाही तर सुरूच व्हायचं नाही, असं ते बनवलंय.

बॅटरी ही चहाच्या गाळणीसारखी गोष्ट आहे, कधी ना कधी बदलावी लागणारच. आणि ती बदलता येऊ नये अशी कुणीतरी टेबलावर बसून रचना केली. म्हणजे हा प्रश्न तंत्रज्ञानाचा नाही, निर्णयाचा आहे. आणि निर्णय कुणी घेतला असेल तर तो बदलताही येतो.

म्हणून पुढचं यंत्र कसं हवं याची माझी यादी. कारखानदार माझं ऐकणार नाहीत, ठाऊक आहे. पण गिऱ्हाईक काय मागतं ते त्यांना ऐकावंच लागतं.

१) बॅटरी स्क्रूवर हवी, गोंदावर नको.

युरोपात यावर कायदाच झालाय. तिथल्या २०२३ च्या बॅटरी नियमावलीनुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला बाजारात मिळणाऱ्या साध्या हत्यारांनी काढता-बसवता आली पाहिजे. म्हणजे हे अशक्य नाही. जी कंपनी जर्मनीत काढता येणारी बॅटरी देईल, तिने सोलापुरात चिकटवलेली का द्यावी? सोबत दोन गोष्टी हव्यात. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय, कारण लिथियम बॅटरी कायम काठोकाठ भरलेली ठेवली तर लवकर म्हातारी होते. आणि चार्जर लावलेला असताना बॅटरीला हात न लावता थेट विजेवर चालण्याची सोय. त्या पोराचं काम एवढ्याने भागलं असतं.

२) उन्हाळा धरून बनवा.

२०२२ च्या उन्हाळ्यात युरोपात उष्णतेची लाट आली तेव्हा स्टीम डेकच्या कंपनीनेच जाहीर सांगितलं होतं की यंत्र ० ते ३५ अंश हवेत नीट चालतं. वाचून हसू आलं. आपल्याकडे मे महिन्यात ३५ अंश रात्री जेवून अंगणात बसल्यावर असतात! दुपारी ४२-४३. चिप १०० अंशांपर्यंत तग धरते, मग स्वतःच वेग कमी करते. पण बॅटरी तेवढी सोशिक नसते. साधारण ४५ अंशांच्या वर तिला चार्ज करूच नये. म्हणून बॅटरी चिपपासून लांब, पंख्याचा गरम झोत तिच्याकडे न जाणारा, आणि बॅटरी तापली की चार्जिंग आपोआप थांबणारं, अशी मांडणी हवी.

आणि पंखा उघडून साफ करता आला पाहिजे. पूर्व भागातून, यंत्रमागाशेजारच्या घरांतून लॅपटॉप येतात ना, त्यांचा पंखा उघडला की आतून कापसाची गादी निघते. चार स्क्रू काढून ब्रश मारता आला तर घरचा माणूसही महिन्याला करेल. त्यासाठी अख्खा बोर्ड उचकटावा लागत असेल तर कुणी करणार नाही, आणि यंत्र दोन उन्हाळ्यांत बसेल.

३) काडी घासून जाऊ नये.

हॅण्डहेल्डमध्ये सगळ्यात आधी बिघडते ती अंगठ्याखालची काडी. खेळातला माणूस आपोआप एका बाजूला सरकायला लागतो. कारण सोपं आहे. बहुतेक काड्यांच्या आत कार्बनच्या पट्टीवर एक पातळ पत्रा घासत असतो, जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखा. पट्टी झिजली की खरखर सुरू. याला उपाय म्हणजे हॉल सेन्सर, म्हणजे चुंबक आणि सेन्सर. एकमेकांना स्पर्शच नाही, त्यामुळे पट्टी झिजायचा प्रश्नच नाही. हे काही उद्याचं तंत्र नाही. सेगा ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये ते १९९८ सालीच होतं. मधल्या एवढ्या वर्षांत बऱ्याच कंपन्यांनी ते टाळलं. आणि काडी बोर्डाला डाग देऊन नको, सुटा भाग म्हणून स्क्रूवर हवी.

४) स्क्रीनच्या आकड्यांची शर्यत बंद करा.

हे जरा समजून घ्या, कारण दुकानदार इथेच फसवतात. स्टीम डेकची स्क्रीन १२८० बाय ८००, म्हणजे साधारण १० लाख ठिपके. 'फुल एचडी' म्हणजे १९२० बाय १०८०, जवळजवळ २१ लाख. सात इंचांवर डोळ्याला फरक थोडाच, पण चिपला रंगवायचे ठिपके दुप्पट. दुप्पट काम म्हणजे जास्त वीज, जास्त उष्णता, मोठा पंखा, मोठी बॅटरी, जास्त वजन. ५० वॅट-अवर बॅटरी असलेलं यंत्र १० वॅट खात असेल तर पाच तास चालतं, २५ वॅट खात असेल तर दोनच. बाकी सगळ्या जाहिराती या एका भागाकारासमोर फिक्या.

यातला धडा १९८९ मध्येच मिळालेला आहे. निन्टेंडोच्या गुनपेई योकोई यांनी गेम बॉय काढला. हिरवट काळी-पांढरी स्क्रीन, मागे दिवा नाही, चार पेन्सिल सेल. पुढच्याच वर्षी सेगाने गेम गिअर आणला. रंगीत, दिवा असलेला, दिसायला झकास, पण सहा सेल टाकले तरी मोजक्या तासांत खलास. जिंकला कोण? गेम बॉय आणि त्याचा रंगीत भाऊ मिळून ११ कोटींच्या वर खपले. योकोई यांचं म्हणणं थोडक्यात असं की नवंकोरं, महाग तंत्र नको. मुरलेलं, स्वस्त झालेलं तंत्र घ्या आणि ते वेगळ्या कामाला लावा. लोणच्याला लागू होतं तेच चिपलाही. आपणही ते अनुभवलंय. गड्ड्याच्या जत्रेत मिळायचा तो ब्रिक गेम आठवा. दोन सेल, करड्या चौकटी, आणि अख्खी गल्ली आळीपाळीने खेळायची.

५) देवनागरी नीट हवी.

यंत्र सुरू केल्यापासून बंद करेपर्यंत मराठी दिसली पाहिजे. फक्त मेनू भाषांतरित करून चालत नाही. आपल्या अक्षरांना वर वेलांटी-मात्रा, खाली उकार. इंग्रजीच्या मापाने आखलेल्या ओळीत ते एकमेकांवर चढतात, जोडाक्षरं फुटतात. सात इंचांवर तर 'ऱ्हस्व' वाचायला भिंग लागतं. अक्षर मोठं करायचं बटण, ओळीत पुरेशी उंची, आणि काड्यांनी चालवता येईल असा मराठी कीबोर्ड, एवढं द्या. गेम करणारे आपल्याकडे आहेतच. 'राजी' हा २०२० मध्ये जगभर गेलेला गेम पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने केला. बनवणारे पुण्यात असू शकतात, मग यंत्राला मराठी का येऊ नये?

६) आई-बापाच्या हातात किल्ली हवी.

वेळेची मर्यादा आणि खरेदीला पिन. इंटरनेट नसतानाही चालणारे गेम. विकत घेतलेला गेम, दुकान बंद पडलं तरी आपल्या कार्डावर राहिला पाहिजे. चार्जिंग साध्या टाइप-सी वर, मोबाइलचाच चार्जर चालावा.

आता काही जण म्हणतील, 'साहेब, हे सगळं स्वस्तात कोण देणार?' प्रश्न बरोबर आहे. आपल्या देशात प्रयत्न झालेले आहेत. बंगळूरच्या प्राध्यापक आणि अभियंत्यांनी २००१ च्या सुमारास सिंप्युटर नावाचा हातातला कॉम्प्युटर तयार केला. भारतीय भाषा बोलणारा, आराखडा खुला. कल्पना काळाच्या पुढे होती, पण तो हजारांच्या पुढे फारसा खपला नाही. मग २०११ मध्ये आकाश टॅब्लेट. सरकारला २,२७६ रुपयांना. स्वस्त होता, पण बोटाने चार वेळा दाबल्याशिवाय ऐकायचा नाही. नुसता खुला आराखडा पुरत नाही, नुसती कमी किंमतही पुरत नाही. त्यावर करायला काहीतरी हवं, आणि बिघडला तर गल्लीत नीट करणारा हवा.

युरोपातल्या हौशी मंडळींनी तर कंपनीची वाटच बघितली नाही. २००८ मध्ये त्यांनी पँडोरा नावाचं यंत्र स्वतःच आखलं. लिनक्स, बटणं, टायपिंगचा कीबोर्ड, सहज निघणारी बॅटरी. वापरणाऱ्यांनी आखलं म्हणून सगळं मनासारखं. पण लोकांकडून आगाऊ पैसे घेतले आणि यंत्र हातात पडायला कित्येकांना वर्षं लागली. कल्पना चांगली असली तरी कारखाना ही वेगळी विद्या आहे, हे त्यांनी किंमत मोजून शिकवलं.

म्हणून मी 'स्वदेशी गेमिंग यंत्र काढा' अशी घोषणा देत नाही. माझी मागणी साधी आहे. जे विकाल ते दुरुस्त होणारं विका. फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ पासून लॅपटॉप वगैरेंवर दुरुस्ती किती सोपी याचे दहापैकी गुण छापावे लागतात. आपल्याकडेही केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये अशाच निर्देशांकाचा अहवाल दिलाय, सुरुवात मोबाइल-टॅब्लेटपासून. माझं म्हणणं, हॅण्डहेल्ड त्यात आत्ताच घाला. बाजार लहान आहे तोवर नियम लावणं सोपं असतं. कारखान्यांचे साचे एकदा पक्के झाले की मग प्रत्येक जण 'आता बदल महाग पडेल' म्हणतो.

आणि आपण काय करायचं? घेताना दुकानात तीन प्रश्न विचारा. बॅटरी सुटी मिळते का, केवढ्याला? काडी सुटी मिळते का? मागचं कव्हर साध्या स्क्रू-ड्रायव्हरने उघडतं का? दुकानदाराला उत्तर येणार नाही. चालेल. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की तो डीलरला विचारेल, डीलर कंपनीला.

माझा धंदा आहे म्हणून मी दुरुस्तीचं गातो, असं कुणी म्हणेल. आहेच धंदा. पण त्या पोराचं यंत्र माझ्या कपाटात अजून तसंच आहे. चिप ठणठणीत, स्क्रीनवर ओरखडा नाही. सबमिशन त्याने मित्राच्या लॅपटॉपवर रात्री जागून केलं. एका बॅटरीपायी दोन वर्षांची कमाई कपाटात पडून आहे. त्या मापाची बॅटरी कुणाकडे असेल तर कळवा, मजुरी मी घेणार नाही.

तुमच्या यादीत अजून काय आहे, कॉमेंटमध्ये लिहा. रमीवाल्यांनी मात्र लिंक टाकू नये, लगेच ब्लॉक.